गॅलिशियांतील पवित्र काठ व तेथील शेतकरी

आपल्या इकडील शेतकरी आतां पूर्वीपेक्षां पुष्कळच अधिक प्रवास करूं लागला आहे. मुलगा अगर मुलगी परदेशीं नोकरीस असली म्हणजे त्या निमित्तानें युरोपचें दर्शन घडतें. अशा प्रवाशास राजधान्या, राजवाडे व पदार्थसंग्रहालयें दाखविणारे वाटाडे पावलोपावलीं भेटतात. परंतु ज्यास रान, शेत, जुनीं देवालयें व खेड्यांतील चालीरीति हीं सर्व एकाच ठिकाणीं पाहावयाचीं आहेत त्यानें कोठें जावें, हें सांगणारा क्वचित् आढळतो. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांतील गॅलिशिया प्रांत, व त्यांतील ‘रिबेइरा साक्रा’ म्हणजे ‘पवित्र काठ’ या नांवाचें खोरें, यांची माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों. पोलंड व युक्रेन यांच्या सरहद्दीवर याच नांवाचा दुसरा एक प्रांत पूर्वीं होता. त्याचा व याचा कांहीं संबंध नाहीं.

स्पेन म्हटलें म्हणजे उन्हानें तापलेलें पठार, ऑलिव्हचीं झाडें व बैलांच्या झुंजी हीं डोळ्यांपुढें येतात. गॅलिशियांत यांपैकीं फारसें कांहीं दिसत नाहीं. अटलांटिक महासागरावरून येणारे ढग या डोंगराळ मुलुखावर अडतात व हिंवाळाभर पाऊस पाडतात. त्यामुळें किनाऱ्याकडील भाग बारमास हिरवा असतो. उन्हाळा मात्र, विशेषतः आंतल्या खोऱ्यांत, कोरडा जातो; ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. लोकांची भाषा स्पॅनिशहून निराळी व पोर्तुगीजला इतकी जवळची आहे कीं, गोमंतकांतील ज्या वृद्धांस पोर्तुगीज येते त्यांस ती बरीचशी उमगावी. वस्ती लहान लहान वाड्यांची. सबंध स्पेनांत जेवढीं वस्तीचीं ठिकाणें नोंदलेलीं आहेत, त्यांतील जवळजवळ निम्मीं, म्हणजे तीस हजारांवर, एकट्या या प्रांतांत आहेत. आणि त्यांतील हजाराहून अधिक ठिकाणीं आज एकहि मनुष्य राहात नाहीं.

मिन्यो व सील या येथील दोन मोठ्या नद्या. ओस पेआरेस या गांवीं सील मिन्योस मिळते. संगमाच्या वरच्या अंगास दोन्ही नद्यांनीं डोंगर कापून खोल दऱ्या पाडल्या आहेत. सीलची दरी तर कांहीं ठिकाणीं पांचशें मीटर खोल आहे. याच दऱ्यांच्या दोन्ही काठांस पवित्र काठ म्हणतात. उत्तरेकडील बाजू लूगो जिल्ह्यांत व दक्षिणेकडील ओउरेन्से जिल्ह्यांत मोडते. ओउरेन्से शहरापर्यंत माद्रिदहून २०२१ सालापासून वेगवान आगगाडी जाते. लूगोच्या बाजूस मोन्फोर्ते हें गांव सोयीचें; तेथें रेल्वे १८८३ सालींच पोंचली. गांवोगांव फिरावयाचें तर मात्र स्वतःची मोटार हवी.

बहुतेक प्रवासी सांतो एस्तेवोच्या अगर दोआदेच्या धक्क्यावरून नावेंत बसून दरी पाहतात. पाणी तळ्यासारखें संथ असतें, आणि तें खरोखर तळेंच आहे. विजेसाठीं बांधलेल्या धरणांनीं नदी अडविलेली आहे. मिन्योवरील बेलेसारचें धरण १९६३ सालीं पुरें झालें तेव्हां पोर्तोमारीन हें जुनें गांव पाण्याखालीं गेलें. तेथील देऊळ दगडांवर आंकडे घालून उतरविण्यांत आलें व टेकडीवर नव्या गांवांत जसेंच्या तसें पुन्हा उभारलें. परंतु काठचे मळे कोणासहि उचलून नेतां आले नाहींत. नाव पुढें जाऊं लागली म्हणजे दोन काठांतील फरक ध्यानांत येतो. लूगोकडील उतार दक्षिणाभिमुख, दिवसभर ऊन खाणारा. त्यावर पाण्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्या दिसतात. ओउरेन्सेकडील उतार सावलीचा; त्यावर ओक व चेस्टनट यांचें दाट रान. नावेवरील मंडळी दोन्हींस ‘निसर्गशोभा’ म्हणून छायाचित्रें घेतात. आमच्या मतें या शब्दांत मोठी चूक आहे. त्या पायऱ्या व तें चेस्टनटचें रान हीं दोन्ही मनुष्याच्या हातचीं आहेत, आणि हात थांबले कीं तीं मोडूं लागतात.

पायऱ्यांना तेथें ‘सोकाल्को’ म्हणतात. आपल्या डोंगरी भागांत ज्यास मजगी म्हणतात तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, आपली मजगी भातासाठीं पाणी धरून ठेवते, तेथील मजगी द्राक्षवेलीसाठीं पाणी निथळूं देते. डोंगर बहुतेक पाटीच्या दगडाचा आहे. तोच दगड फोडून, चुना अगर माती न वापरतां, कोंकणांतील गडग्याप्रमाणें केवळ बैठकीनें ताल रचावयाची, व तिच्या पाठीमागें खालून टोपल्यांनीं आणलेली माती भरून चिंचोळी पट्टी करावयाची. कांहीं पट्ट्यांवर वेलींची एकच ओळ मावते. दगडांच्या फटींतून पाणी निघून जात असल्यामुळें तालीवर दाब येत नाहीं. आणि दिवसा तापलेला दगड रात्रीं ती ऊब वेलीस परत देतो, म्हणून इतक्या उत्तरेस फळ गोडीस येतें. बिनचुन्याच्या या बांधणीची कला युनेस्को संस्थेनें स्पेनसह आठ देशांच्या नांवें २०१८ सालीं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत घातली. पण यादींत नांव लागल्यानें ढासळलेली ताल उभी राहात नाहीं. पावसाळी थंडींत एखादा दगड सुटतो, त्यापाठीमागें माती फुगते, आणि वेळींच दुरुस्ती न केल्यास दुसऱ्या हंगामास तालीचा तो भाग खालच्या पट्टीवर येऊन पडतो. ज्या वाचकांनीं उतारावर ताली घातल्या आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको.

या उतारावर औत चालत नाहीं, यंत्रहि चालत नाहीं. छाटणी, खुरपणी, फवारणी व तोडणी सर्व हातानें. सप्टेंबरांत, कोठें आक्टोबर उजाडतांना, तोडणी होते. मेन्सिया हें काळें द्राक्ष मुख्य, व पांढऱ्यांत गोदेय्यो नांवाजलेलें. भरलेलीं खोकीं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढावयाच्या. कांहीं बागांतून अलीकडे एकरुळी गाडी बसविली आहे, तर कांहीं बागांचा माल नावेनेंच काढावा लागतो. इटलींतील एक संस्था अशा डोंगरी द्राक्षशेतीचा अभ्यास करिते. तिनें शेंकडा तीसहून अधिक चढाच्या उतारावरील बागाईतीस ‘वीरांची द्राक्षशेती’ या वर्गांत घातलें आहे. नांव शोभिवंत आहे. तथापि गुडघे दुखणाऱ्या साठ वर्षांच्या बागाईतदारास त्याचा किती उपयोग, हा प्रश्नच आहे. सर्व खोऱ्यांत नोंदलेली बाग सुमारें बाराशें हेक्टर व ती लावणारे दोन हजारांहून अधिक. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सरासरीनें सव्वा एकराच्या आंतबाहेर जमीन येते, आणि तीहि चार ठिकाणीं विखुरलेली. द्राक्षासवाच्या गुणदोषांचा वाद येथें उकरून काढण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु बाजाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९६ सालीं ‘रिबेइरा साक्रा’ या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें. आपल्या नाशिकच्या द्राक्षांस जसें भौगोलिक मानांकन आहे तसेंच हें. त्यापूर्वीं येथील माल बहुतांशीं घरीं पिण्यास अगर सुट्या मापानें खपे. नांवाची बाटली निघूं लागल्यापासून कांहीं पडीक पायऱ्या पुन्हा लागवडीस आल्या. एकोणिसाव्या शतकांत भुरी, केवडा व मुळें खाणारा फिलॉक्सेरा कीडा या तीन संकटांनीं बागा उठविल्या होत्या, त्या वेळीं अमेरिकन खुंटावर कलमें करून शेतकऱ्यांनीं त्या सांवरल्या. आमचे द्राक्षबागाईतदारहि आज परदेशी खुंटच वापरतात.

‘पवित्र’ हें विशेषण मठांमुळें पडलें असें सामान्यतः समजतात. सान पेद्रो दे रोकास येथें खडक कोरून केलेलें देवालय आहे. तेथील शिलालेखावर इ. स. ५७३ हा काळ आढळतो. आपल्याकडील लेणीं पाहिलेल्यास तेथें ओळखीचें कांहीं भेटल्यासारखें वाटेल. पुढें या दऱ्यांत अनेक मठ वसले. सांता क्रिस्तीना हा चेस्टनटच्या रानांत दडलेला आहे. सांतो एस्तेवोच्या विस्तीर्ण मठाचें २००४ सालीं सरकारी हॉटेल झालें. प्रवाशांस कमानी व नक्षी दाखवितात. शेतकऱ्यानें मात्र त्या मठांचें वतन विचारावें. जमीन पुष्कळशी मठांची, व ती कुळांकडे ‘फोरो’ नांवाच्या दीर्घ पट्ट्यानें असे. पट्टा बहुधा तीन पिढ्यांचा अगर तीन राजांच्या कारकीर्दींचा. खंड द्राक्षरसाच्या अगर धान्याच्या हिश्शानें. मठवाल्यांकडून जमीन घेऊन ती पुढें खंडानें लावणारे मध्यस्थहि माजले. १८३६ सालीं स्पेनच्या सरकारनें मठांच्या मिळकती जप्त करून विकल्या, पण कुळाचा खंड सुटला नाहीं. नुसता धनी बदलला. खंडाची रक्कम एकदम भरून जमीन मोकळी करून घेण्याचा हक्क १९२६ च्या हुकमानें मिळाला, आणि ती रक्कम पुष्कळांनीं अमेरिकेंत गेलेल्या भावाच्या अगर मुलाच्या कमाईंतून भरली. कोंकणांतील खोती १९४९ च्या कायद्यानें गेली हें स्मरणांत असणाऱ्या घराण्यांस हा इतिहास परका वाटणार नाहीं.

आतां सावलीच्या काठाकडे वळूं. चेस्टनट हें फळ आपल्याकडे क्वचितच मिळतें. काटेरी बोंडांत दोन-तीन तपकिरी बिया असतात. त्या भाजल्या अगर उकडल्या म्हणजे फणसाच्या आठळीची आठवण होते. मका व बटाटा अमेरिकेहून येण्यापूर्वीं, व त्यानंतरहि बराच काळ, डोंगरांतील गरिबाचें हेंच मुख्य अन्न. रानासारखे दिसणारे हे ‘सोउतो’ वास्तविक कलमी बागा आहेत. निवडक जातीचें कलम बांधलेलें झाड शतकानुशतकें जगतें. त्याच्या पोकळ बुंध्यांत दोन माणसें सहज उभीं राहतील. पूर्वेस कोउरेलच्या डोंगरांत हे सोउतो विशेष पाहण्यासारखे आहेत. तेथें बागेजवळच ‘सेकेइरो’ म्हणजे वाळवणघर असतें. मधोमध फटीफटींच्या लांकडी पट्ट्यांचा माळा. त्यावर फळें पसरून खालीं कित्येक आठवडे मंद धूर ठेवावयाचा. फळ खडखडीत वाळलें म्हणजे टरफल झोडून काढावयाचें. असें फळ वर्षभर टिकतें. याच डोंगरांत गोल, उंच, बिनचुन्याच्या भिंतींचीं आवारें दिसतात. गुरांचा कोंडवाडा म्हणावा तर दार अगदीं लहान. तीं मधाच्या पोळ्यांचीं आवारें होत; अस्वलास चढतां येऊं नये म्हणून भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेल्या फरश्या बसविलेल्या असतात. मध्यंतरीं अस्वलें या बाजूस दिसेनाशीं झालीं होतीं. अलीकडे तीं पुन्हा येऊं लागलीं, आणि जुन्या भिंतींचा अर्थ नव्या पिढीस कळला.

चेस्टनटलाहि शत्रु आहेत. मुळें कुजविणाऱ्या ‘शाई’ रोगानें सखल भागांतील बागा गेल्या. त्यावर आशियांतील जातींशीं संकर केलेले खुंट काढले आहेत. २०१४ सालीं एक चिनी माशी प्रांतांत आढळली. तिच्यामुळें कोंवळ्या फुटीवर गांठी येतात व फळ धरत नाहीं. औषध फवारून उपयोग नसल्यामुळें तिच्यावर जगणारी दुसरी माशी मुद्दाम सोडण्यांत आली. ‘ओर्रेओ’ नांवाच्या धान्यकोठारांविषयीं येथें दोनच शब्द पुरेत. मक्याचीं कणसें ठेवण्याची ही दगडी अगर लांकडी खोली खांबांवर उभी असते. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर रुंद चपटा दगड, म्हणजे उंदीर वर चढून त्याखालीं अडकतो. आणि भिंतींस वाऱ्यासाठीं फटी. शंभर वर्षांवरील कोठारें पाडण्यास १९७३ पासून बंदी आहे. मात्र पुष्कळ कोठारांत आतां कणसाऐवजीं अडगळ असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग हा तर सुखी मुलूख. दुर्दैवानें तसें नाहीं. वारसाहक्कानें तुकडे पडत गेलेली जमीन व वाढतें कुटुंब यांचा मेळ न बसल्यामुळें एकोणिसाव्या शतकापासून येथील तरुण क्यूबा व आर्जेन्टिना येथें गेले. ब्यूनोस आयरिस शहरांत कोणत्याहि स्पॅनिश मनुष्यास ‘गॅलिशियन’ म्हणण्याची रीत त्यामुळेंच पडली. पुढें जर्मनी, स्वित्झर्लंड व स्पेनमधील कारखान्यांनीं उरलेले ओढून नेले. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा कोणत्या भीतीनें झाला हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हा मुलूख पाहावा. मालकाचा पत्ता दक्षिण अमेरिकेंत, तुकडा पांच गुंठ्यांचा, आणि त्यावर झाडोरा गळ्याइतका, अशा जमिनी तेथें पदोपदीं आहेत.

जुन्या शेतीचा एक दुवा तुटल्यानें केवढा अनर्थ होतो हेंहि येथें दिसतें. डोंगरावर ‘तोशो’ नांवाचें पिवळ्या फुलांचें काटेरी झुडूप उगवतें. पूर्वीं शेतकरी दरसाल तें कापून गोठ्यांत अंथरीत. गुरांच्या शेणामुतांत तें कुजलें म्हणजे उत्तम खत होई, व त्या खतावर राय आणि मका पिके. म्हणजे डोंगर शेतास खत देई, व शेतकरी डोंगर झाडून स्वच्छ ठेवी. पेंढीचें रासायनिक खत आलें, गुरें कमी झालीं, माणसें गेलीं. तोशो तसाच वाढत राहिला. त्यांत तेल असल्यामुळें तो ओला असतांनाहि पेट घेतो. कोरड्या उन्हाळ्यांत एखादी ठिणगी, कित्येकदां हेतुपुरस्सर लावलेली, पुरेशी होते. २०२२ च्या जुलईंत कोउरेलच्या डोंगरांत दहा हजार हेक्टरांहून अधिक रान जळालें. २०२५ च्या आगस्टांत ओउरेन्से जिल्ह्यांतील लारौको येथें पेटलेल्या वणव्यानें तीस हजार हेक्टरांवर जमीन भाजली. या प्रांतांत नोंदलेल्या वणव्यांत तो सर्वांत मोठा. युनेस्कोनें कोउरेलास २०१९ सालीं भूशास्त्रीय उद्यान, व तो डोंगर आणि पवित्र काठ मिळून सर्व मुलुखास २०२१ सालीं जीवावरण राखीव क्षेत्र ठरविलें आहे. वणवा या सीमा ओळखीत नाहीं. जेथें बाग खुरपलेली होती, अगर सोउतोखालीं गवत कापलेलें होतें, तेथें जाळ मंदावतो हें मात्र शेतकऱ्यांस ठाऊक आहे.

उपाय अगदींच नाहींत असें नव्हे. प्रांताच्या जमिनीच्या पंचमांशाहून अधिक रान गांवकीच्या सामाईक मालकीचें आहे. १९६८ च्या कायद्यानें ही मालकी मान्य झाली. ती विकतां, वांटतां अगर जप्त करतां येत नाहीं. हक्कदार कोण, याची जुनी कसोटी आम्हांस फार आवडली. ज्याचें घर उघडें आहे व ज्याच्या चुलींतून धूर निघतो तो हक्कदार. गांव सोडून गेला कीं हक्क संपला. खासगी पडीक जमिनींकरितां २००७ सालीं ‘जमीनपेढी’ निघाली. तिच्यांत मालकानें जमीन ठेवावी व कसणाऱ्यास ती खंडानें मिळावी. २०२१ च्या कायद्यानें आणखी पुढें जाऊन, गांवालगतचे पडीक तुकडे एकत्र करून लागवडीस आणण्याची सोय केली. मालकी न हिरावतां जमीन कसणाऱ्याकडे पोंचविण्याचा हा मार्ग आपल्या विधिमंडळांतील शेतकरी सभासदांनीं अभ्यासण्यासारखा आहे.

आणि प्रवासी? पडक्या घरांची डागडुजी करून तेथें पाहुणे ठेवण्याचा धंदा गांवोगांव निघाला आहे, व त्यानें कांहीं चुली पेटत्या राहिल्या आहेत, हें मान्य केलें पाहिजे. परंतु नावेच्या तिकिटांतून ताल दुरुस्त होत नाहीं. ज्याच्या बागेचा माल रास्त दरानें खपतो, त्यासच दगड पुन्हा बसविणें परवडतें. म्हणून जाणाऱ्यानें हॉटेलांत उतरून घाटमाथ्यावरून दरी पाहून परतूं नये. शेतकऱ्याच्या घरीं उतरावें, त्याचा मध, वाळलेलीं फळें, किरोगा भागांतील ऑलिव्हचें तेल, सोबेर तालुक्यांतील गुंदिवोस गांवचीं राळ लावलेलीं काळीं मडकीं विकत घ्यावीं. झावळ्यांच्या रविवारीं, म्हणजे ईस्टरच्या आधींच्या रविवारीं, सोबेर येथें द्राक्षासवाची जत्रा भरते. त्याच्याहि आधीं, आपल्या शिमग्याच्या सुमारास, साल्सेदो गांवांत कातडीं पांघरलेलें सोंगाचें अस्वल फिरतें व सांपडेल त्याच्या तोंडास काजळी फासतें. पाहुण्यांस त्यांतून सूट नाहीं.

एकच फेरी करतां येणार असेल तर आक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ उत्तम. तोडणी संपून वेलींचीं पानें तांबडीं झालेलीं असतात, चेस्टनट गळत असतो, व अकरा नोव्हेंबरच्या आसपास गांवोगांव शेकोटी पेटवून नवीं फळें भाजतात. पाऊस असतोच, चांगले बूट न्यावेत. सोउतोस कुंपण नसतें. वाटेवर फळांचा सडा पडलेला असतो. तरी ती बेवारशी वस्तु नव्हे. प्रत्येक झाडाचा मालक ठरलेला असतो, आणि बहुधा तो हाकेच्या अंतरावर वांकून फळें वेंचीतच असतो. त्यास विचारावें, ओंजळभर तो आपण होऊन देईल.